नावापुढचं टिंब

सोमवार, ५. सकाळी ६.१०
अस्थिरोग विभागातलं पोस्टिंग आजपासून. सहा आठवडे. पाठ दुखतेय, पण दोष पाठीचा नाही, हॉस्टेलच्या गादीचा.
विभागाचा कायदा: राउंडला कोणी भिंतीला, खाटेला, खिडकीला टेकायचं नाही, बसायचं नाही. सर रागावत नाहीत म्हणे. हजेरीपटात नावापुढे पेन्सिलीनं टिंब देतात. तीन टिंबं झाली की पोस्टिंग पुन्हा, ज्युनिअर बॅचबरोबर.
बॅचमधल्या टॉपरबाई म्हणाल्या, पाठीचं सरांना सांगून टाक. म्हणजे चौकीत जाऊन सांगायचं, चोर मीच.
संकल्प: ताठ.

मंगळवार, ६. दुपारी
राउंड तीन तास दहा मिनिटं. सात नंबरच्या खाटेवर एक हमाल, कंबर धरून. मी केसपेपरवर लिहिलं: दुखणं थोडं, बोभाटा फार. सरांनी खोडलं. ठीक आहे, प्रत्येकाचं मत.
फिजिओथेरपीच्या मॅडमनी त्याला व्यायाम दिला. उताणं पडून कंबर उचलायची, वीस वेळा. याला म्हणे शास्त्र! तरी मी हमालाला बजावलं, वीस म्हणजे वीस, चुकवायचे नाहीत. अशांना धाकच लागतो.
नंतर पाठ जराशी भिंतीला लागली. मी लावली नाही, भिंत फार जवळ बांधलीय.
टिंब एक.

शुक्रवार, ९
युक्ती सापडली. दर दोन खाटांनंतर खाली बसून बुटाची लेस बांधायची. काय आराम! चौथ्यांदा बसलो तेव्हा सर थांबले. या बुटांना लेस नाही, म्हणाले.
टॉपरबाई खोकल्या. तो खोकला नव्हता.
टिंब दोन.

रविवार, ११
आईला फोन केला, सहानुभूतीसाठी. तिनं पहिलीपासूनची माझी बसण्याची सगळी पापं वाचून दाखवली. शेवटी, सरांना सांगितलंस का? घरचेही फितूर.

बुधवार, १४. संध्याकाळी
फिजिओ मॅडमनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, चाल तिरकी दिसतेय, चार वाजता येत जा. म्हटलं, घाईत आहे. घाईत तिरकंच चालतात.
स्वतःच निदान केलं: स्नायू आखडलेत. औषधही ठरवलं, स्नायू सैल करायच्या गोळ्या. पाकिटावर लिहिलंय, झोप येऊ शकते. ते पेशंटसाठी असतं.
उद्या सरांच्या ऑपरेशनला रिट्रॅक्टर मी धरणार. टॉपरबाई नाही. मी.

गुरुवार, १५. सकाळी ७
दोन गोळ्या घेतल्या. पाठ गायब. सगळ्यांची तोंडं बघायची आहेत.

गुरुवार, दुपारी ३
जे घडलं ते नोंदवतो. एक्स-रेपासून वाचायला अंगावर शिशाचा एप्रन, त्यावर गाउन. एप्रन सहा किलोंचा, शिवणाऱ्यानं स्वतः कधी घातला नसणार. जखमेची कड मी रिट्रॅक्टरनं ओढून धरली होती. उत्तम धरली होती. पाऊण तासानं कुठूनसा एक उबदार, भक्कम आधार मिळाला. फार बरं वाटलं.
"डॉक्टर," सर म्हणाले, "हा खांदा मला लागणार आहे."
सिस्टरनी माझ्या हातातला रिट्रॅक्टर काढून टॉपरबाईंना दिला. तिनं दोन तास धरला. ताठ. दुष्ट बाई.
टिंब तीन.
नियमात भिंत आहे, खाट आहे, खिडकी आहे. सरांना टेकू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. हरकत घेणार.

सोमवार, १९. सकाळी ११
हरकत घेतली. सरांनी शांतपणे ऐकून घेतली. बोलताना मी त्यांच्या टेबलाला टेकलो होतो, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.
पोस्टिंग पुन्हा. हातात चिठ्ठी: फिजिओथेरपी, रोज चार वाजता.

सोमवार, संध्याकाळी ५.३०
गेलो. सरांच्या शब्दाला मान म्हणून. मॅडमना दुसरा पेशंट होता. म्हणाल्या, हे दाखवतील तुम्हाला. हे म्हणजे सात नंबर. डिस्चार्ज मिळालाय, तपासणीला आला होता. सरळ उभा, पोत्याशिवाय उंच दिसतो.
मला चटईवर उताणं झोपवलं. गुडघे मुडपा, म्हणाला. श्वास कोंडू नका. आणि मग, अगदी माझ्याच आवाजात:
"वीस म्हणजे वीस, डॉक्टरसाहेब. चुकवायचे नाहीत."
सहा झाले. सातव्याला कंबर उचललीच नाही. गोळ्यांचा परिणाम असावा, चार दिवसांपूर्वीच्या.
भिंतीवर तक्ता आहे. वीस पूर्ण झाले तर बरोबरची खूण. अर्धवट राहिले तर दुसरी.
हमालानं मॅडमकडून पेन मागून घेतलं, माझं नाव शोधलं आणि टिंब दिलं.