दादाच्या लग्नाची कॅसेट

एडमंटन, मंगळवार, १४ नोव्हेंबर २०१७

सकाळी नागपूरहून वहिनीचा फोन आला, तेव्हापासून चैन नाही. दादाला जाऊन महिना झाला. तिला त्यांच्या लग्नाची कॅसेट हवीय. "भाऊजी, एकच होती, तुम्हालाच पाठवली होती ना?" हो म्हणालो. सांगू कसं? इथली टीव्हीची पद्धत वेगळी, भारतातल्या कॅसेटचं चित्र इथल्या व्हीसीआरवर दिसायचंच नाही, आणि तेव्हा टीव्हीवर लागणाऱ्या त्या लांब कोटवाल्या नटाचा एकही भाग मला चुकवायचा नव्हता. केली त्याची ब्रिटिश अंतराळमालिका त्याच कॅसेटवर रेकॉर्ड! मूर्ख.

आत्ता बेसमेंटमध्ये लावून पाहिली. लग्नाच्या जागी तोच लांब कोट, पुठ्ठ्याच्या ग्रहावर पळतोय. भाग संपला, पडद्यावर नुसत्या रेघा. बंद करणार, तेवढ्यात रेघांमागून दादाचा आवाज आला: "नीट घे रे शूटिंग, माझा भाऊ कॅनडात बघणार आहे."