घोडेगावची पाटी

३ ऑक्टोबर १९९६

ती आली! कुंडलिकची भागू. माझ्याच वाचनालयात, माझ्याच वर्गात.

बायांना लिहायला-वाचायला शिकवायचा फुकट वर्ग काढायचा ही कल्पना आमचे सेक्रेटरी सावळेराम काका यांची. शिकवायचं मी. नाहीतरी दुपारी पुस्तकं न्यायला कोण येतंय! आज पहिला दिवस. दहा-बारा बाया जमल्या. सगळ्यांच्या मागून ही, कडेवर पोरगी, दारातच उभी. "बाई, बसू का? पैसं न्हाई ना लागत?"

माझा नवरा कुंडलिक टेम्पो घेऊन डोंगराकडं हिरडा आणायला जायचा. सात वर्षांपूर्वी हिरड्याच्या पोत्यांबरोबर हिला घेऊन आला. माझी ट्रंक बोरी गावातल्या आमच्या घराबाहेर. मी माहेरी, राजुरीला. निघताना मी हिला नीट पाहून घेतलं होतं. हिनं मला पाहिलं नसणार. भावाच्या गाडीवर मागे बसले होते, पदर तोंडावर घेऊन.

"बस," म्हटलं. कोपऱ्यात बसवली. झाडू ठेवतो तिथे.

८ ऑक्टोबर

कुंडलिकनं आता इथेच राजुरीत खोली घेतलीय म्हणे. तो दुपारी गाडीवर असतो. ही दळणाचा डबा गिरणीत ठेवते आणि वर्गाला येते.

वर्गात सर्वांत म्हाताऱ्या चिमाबाई. आज मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ही कोन हाये ठावं हाये ना तुमाला? द्या हाकलून!"

नाही देणार. हाकलून काय मिळेल? ती दुसरीकडे जाईल, सुखात राहील. मला तिची फजिती पाहिजे. चारचौघांत. मला ट्रंकेसकट काढलं तेव्हा अख्खी आळी बघत होती ना — तशी!

चिमाबाईंना म्हटलं, तिला मी कोण ते माहीत नाही, तुम्हीही सांगू नका.

१५ ऑक्टोबर

काकांनीच वाट करून दिली. संक्रांतीला वाचनालयात कार्यक्रम — वर्गातल्या बायांनी गावासमोर वाचून दाखवायचं.

तिची पाटी मी वेगळी लिहून दिली. ‘घ’ काढला आणि सांगितलं, हा ‘ध’. ‘ध’ काढला आणि सांगितलं, हा ‘घ’. मान खाली घालून गिरवत बसली. पोरगी मांडीवर झोपलेली. गिरव! संक्रांतीला उभी राहून वाच, आणि हसू दे गाव. कुंडलिकच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नाही.

लई बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू?

२९ ऑक्टोबर

हुशार निघाली. राग येतो. बाकीच्या अजून काना-मात्रेत अडकल्यात, ही जोडून वाचायला लागलीय. मी शिकवलंय तसं.

विचारलं, शिकून काय करणार? म्हणाली, "एश्टीची पाटी वाचायची हाये, बाई. घोडेगावची. तिथनं वर आमचं गाव. सात वर्सं आईला बघितलं न्हाई."

"मग विचारायचं कोणाला तरी, गाडी कुठली म्हणून."

"इचारलं का घरी कळतं. यांच्या वळखीचं लई हायेत स्टँडवर."

मी दुसऱ्या बाईची पाटी तपासायला घेतली.

१२ नोव्हेंबर

भाऊबीज. भावाला ओवाळलं. वहिनीचं तोंड नेहमीसारखंच. "अजून किती भाऊबीजा इथंच?" — हसत म्हणाली, पण म्हणालीच.

हे सगळं त्या कोपऱ्यातलीच्या खाती.

२६ नोव्हेंबर

भागू आठवडाभर नाही. खोलीला बाहेरून कडी असते म्हणे. मी विचारलंसुद्धा नाही कोणाला. चिमाबाईच सांगत होत्या.

३ डिसेंबर

आली. गाल निळा, मनगट सुजलेलं. तरी पाटी घेऊन आली!

पोरीला घेऊन नारायणगावच्या स्टँडवर गेली होती. म्हणाली, "गाडी म्होरंच उभी व्हती, बाई. मी पाटी वाचली — धोडेगाव. म्हनलं आपली न्हवं. गेली निघून. मंग कळलं तीच व्हती. तवर यांच्या दोस्तानं बघितलं." आणि मग मलाच म्हणते, "माझंच चुकलं. तुमी एवढं शिकवताय, मला डोस्कंच न्हाई."

गालाकडे बघवेना. तो हात मला माहीत आहे. उलटा मारतो, अंगठी लागेल असा. माझ्या कानामागे अजून खूण आहे. ते मी आजवर आईलाही सांगितलं नाही.

पाटी घेतली, पदरानं पुसली. म्हटलं, "तुझं नाही. माझं चुकलं सांगताना. हा घ. हा ध. परत काढ."

दुखऱ्या हातानं काढत बसली. का चुकलं, ते मात्र मी सांगितलं नाही.

५ डिसेंबर

राग काही गेला नाही. उलट वाढलाय. पण आता तो तिला सोडून टेम्पोत जाऊन बसलाय.

थांब, कुंडलिक!

१७ डिसेंबर

रद्दीतल्या पुठ्ठ्यांवर खडूनं पाट्या लिहिल्या — नारायणगाव, मंचर, घोडेगाव, आहुपे. तिच्यासमोरून पुठ्ठे भराभर नेते, गाडी निघाल्यासारखे. एकही चुकत नाही. बाया बघत बसतात, पण विचारत नाहीत. चिमाबाईंनी स्वतःहून तिच्या पोरीला मांडीवर घेतलं.

१० जानेवारी १९९७

गेली! काल दुपारी. दळणाचा डबा गिरणीतच.

आज कुंडलिक वाचनालयात. ऐन वर्गात. "इंदे, कुठं घातलीस तिला?"

सात वर्षांनी समोर. म्हटलं, "आधी चपला बाहेर काढ."

"लई शानपन आलंय व्हय तुला? माझं घर फोडतीस?"

"ओरडू नको, लोक पेपर वाचतायत. वर्ग फुकट आहे, तुलाही बसता येईल. त्या कोपऱ्यात जागा झालीय बघ, झाडूपाशी."

आधी चिमाबाई हसल्या. मग सगळ्याच. पेपरवाले म्हातारेसुद्धा! त्यानं हात उगारला, तर काका उठून मध्ये उभे राहिले. गेला. त्याचं ते तोंड! डोळे भरून पाहिलं. जिना उतरेपर्यंत बायांचं हसू त्याच्या पाठीवर पडत होतं.

घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. वहिनी बघतच राहिली.

१५ जानेवारी

कालचा कार्यक्रम झाला. चिमाबाईंनी स्वतःचं नाव वाचलं आणि रडल्या. तिळगूळ कमी पडला.

२ फेब्रुवारी

चिमाबाईंना घोडेगावच्या बाजारात भागू भेटली. बरी आहे, आईजवळ आहे. निरोप दिलाय — "बाईंना सांगा, मी पयल्या दिसापास्नं वळखत व्हते. घरात फोटू हाये त्यांचा. त्या घरातनं सुटलेली बाई कशी ऱ्हाती, तेच बघाया आले व्हते."

सुटलेली!

आणि मी इतकी वर्षं स्वतःला टाकलेली म्हणतेय.