काऱ्याचे दहा दिवस

१२ एप्रिल १९५४, सोमवार

आज कुत्रं चावलं. डाव्या मनगटावर, वर दोन दात, खाली एक. चूक माझीच.

मागच्या बाजारी एक पिसाळलेलं कुत्रं कापसाच्या जिनिंगकडून पळत आलं, वासराला चावलं, दोन-तीन कुत्र्यांशी झोंबलं आणि नाहीसं झालं. तेव्हापासून म्युनिसिपल कमिटीचा हुकूम, मोकाट कुत्री धरा. ढोरं धरणारे आम्हीच, म्हणून कुत्रीही आमच्याच गळ्यात. कांजी हाऊसात, म्हणजे कोंडवाड्यात, माणसं किती, तर मी मुन्शी आणि गणपत जमादार. त्याच्या हातात दावं, माझ्या हातात वही. आज त्याला एकट्याला जमेना म्हणून वही खाली ठेवली.

सोनाबाई दर बाजारी लाकडाची मोळी घेऊन येते. गोंडांच्या वस्तीवरची. मोळीमागं काळं कुत्रं निजलं होतं. बेवारशी समजून हात घातला.

"माहा काऱ्या हाय तो!" ती ओरडली. तोवर झालं होतं.

मग आपणच म्हणाली, "त्या पागल कुत्र्यासंग झोंबला ना बापा, तवापासून कातावला हाय."

सहज बोलून गेली. मी तसाच दवाखान्याकडं निघालो.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम साबणानं घासघासून धुतली. म्हणाले, कुत्रं मारू नका. बांधा, दहा दिवस बघा. त्याला काही झालं की त्याच दिवशी वर्धा गाठा, पोटात चौदा सुया. ते नीट राहिलं तर तुम्हीही नीट.

काऱ्याला शेवटच्या छपरीत बांधलं. सोनाबाई फाटकाशी बराच वेळ उभी होती. तिला इतकंच सांगितलं, दहा दिवसांनी सोडू.

घरी बायकोला, सुमनला, म्हटलं, तारेनं खरचटलं.

१३ एप्रिल

दिवस पहिला. तीनदा जाऊन बघितलं. भाकरी खाल्ली, पाणी प्यायला. गुरगुरतो, पण ते गणपतवर.

ऊन फार. पाणचक्कीसारखं डोकं फिरतंय. बोट सुन्न वाटलं, मग लक्षात आलं, पट्टीच घट्ट बांधलेली.

१५ एप्रिल

दिवस तिसरा. सेक्रेटरी साहेबांनी बोलावलं. कुचल्याच्या विषारी गोळ्या आल्या आहेत. सोमवारपासून गोळ्या टाकायच्या, आणि धरलेली कुत्री आधी संपवायची. धरलेलं कुत्रं एकच.

म्हटलं, "साहेब, मला चावलं आहे ते. मेलं तर काही कळणार नाही."

"एकाला सूट दिली की अख्खं गाव येतं."

"राक्षसाचा जीव पोपटात असतो म्हणतात. माझा त्या कुत्र्यात आहे."

हसले. बावीस तारखेपर्यंत ठेवा म्हणाले. गोळ्यांचं कामही मग बावीसनंतर. तोंडी सगळं. कागदावर काही नाही.

१६ एप्रिल

सुमनला कळलं. गणपतनं सांगितलं, भाजीच्या दुकानासमोर.

दुपारी मी जेवायला बसलो. तिनं वाढलं. मग, "मले सांगाले काय झालं होतं?"

"तू घाबरली असतीस."

"आता काय नाई घाबरली?"

तिनं स्वतः पट्टी सोडून जखम बघितली, परत बांधली. भाकरीचा चतकोर पदरात घेतला आणि भर उन्हात कांजी हाऊसकडं निघाली. मी मागं मागं. काऱ्यापुढं उकिडवी बसून म्हणते, "खाय रे बाबा. तू खाशीन तर हे जगतीन."

मला तिथं उभं राहवेना.

१८ एप्रिल, रविवार

दिवस सहावा. सकाळपासून खात नाही. कोपऱ्यात तोंड. लाळ गळतेय. हाक मारली तर मान वर करत नाही.

सुमननं पिशवी भरली, दोन धोतरं, तांब्या. वर्ध्याची मोटार साडेअकराची. डॉक्टर गावाला गेलेले. स्टँडवर गेलो, मोटार भरलेली, कंडक्टर म्हणे दुसरीची वाट बघा. वाट बघता बघता राहवलं नाही, परत कांजी हाऊसला.

गणपतनं ओलं पोतं छपरीवर टाकलं होतं, काऱ्याच्या अंगावरही बादली ओतली होती. म्हणाला, "मुन्शीजी, पत्र्याखाली कोंडून राह्यलो आपण त्याले. ऊन लागलं असंन. ढोराले नाई लागत काय?"

पत्रा हात लावून बघितला, चटका बसला. सहा दिवस कुत्र्याचे डोळे, जीभ, शेपूट सगळं बघत होतो. वरचा पत्रा नाही बघितला.

दुसरी मोटारही सोडून दिली. बरोबर केलं की—

१९ एप्रिल

सकाळी काऱ्या उभा होता. पाणी लपलप प्यायला, अर्धी वाटी. मी तिथंच भुईवर बसलो. गणपतनं बिडी दिली. मी ओढत नाही. ओढली.

संध्याकाळी वाईट बातमी. जिनिंगच्या गल्लीतली हमालाची पोर, सहा-सात वर्षांची, गालावर चावा. कुठल्या कुत्र्याचा, पत्ता नाही. बाप तिला घेऊन वर्ध्याला गेला. माझ्यासारखं दहा दिवस बघायला तिच्याजवळ कुत्रं नाही.

२० एप्रिल

दिवस आठवा. काऱ्या नाही.

दावं चावून तोडलेलं नाही. गाठ सोडलेली. गणपत शपथेवर म्हणतो आपण नाही. फाटकाजवळ पाणी भरणाऱ्या बाईनं पहाटे सोनाबाईला जाताना बघितलं, मागं कुत्रं.

ढोरं सोडवायला दोन माणसं आली होती, काय लिहिलं ते आठवत नाही. उद्या पहाटे निघतो. वस्ती आर्वीच्या रस्त्यानं पाच मैल, मग आत. सुमन म्हणाली, आजच काऊन नाही. ऊन डोक्यावर होतं, सायकल पंक्चर. खरं म्हणजे भीती वाटली. तिथं जाऊन मेलेलं दिसलं तर.

२१ एप्रिल

सोनाबाई घरी नव्हती. वस्तीतल्या म्हाताऱ्यानं मोहाच्या झाडांकडं हात केला. बायका मोहफुलं वेचत होत्या. मला बघून ती उठली नाही.

"काऱ्या कुठं आहे?"

"पळून गेला."

"तूच सोडलंस ना?"

"तुमीच त्याले गोळी घालनार होते. अख्खा बाजार सांगून राह्यला होता."

मी पट्टी सोडून हात पुढं केला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. कुत्रं जगलं तर मी जगणार, म्हणून बांधलं होतं, मारायला नाही. ती जखमेकडं बघत राहिली. टोपलीतली फुलं तशीच.

"हे त्याच दिवशी काऊन नाई सांगतलं? मी सोता आनून बसली असती तुमच्या दारात."

सुमननंही असंच विचारलं होतं. मी कुणालाच काही सांगत नाही. वहीत लिहितो.

तिनं आपल्या बोलीत हाक मारली. पळसाच्या झुडपातून काऱ्या आला. शेपूट हलवत, माझ्याकडं बघून थबकला, मग तिच्या पायाशी बसला. तिनं पाण्याचा तुंबा तिरपा केला. प्यायला. मी ऊन चढेपर्यंत तिथंच. त्यानं दोनदा जांभई दिली, एकदा पिसू खाजवली. एवढं निवांत मी कुणाकडं कधी बघितलेलं नाही.

२२ एप्रिल, गुरुवार

दहावा. परत गेलो. सुमनही आली, सायकलवर पुढं बसून, चढाला उतरून. सोनाबाईनं तिला मूठभर मोहफुलं दिली.

काऱ्या ठीक.

परतताना डॉक्टरांकडं. म्हणाले, तुम्ही सुटलात. मग चष्मा पुसत म्हणाले, कुत्र्याचं मात्र सांगता येत नाही. पिसाळलेल्याशी झोंबलंय, महिना-दोन महिने जाऊ शकतात. बांधून ठेवायला सांगा. हे मला वस्तीवरून परतल्यावर कळलं. म्हणजे उद्या पुन्हा जायला हवं, आणि या वेळी सगळं सांगायला हवं.

घरी सुमन चूल पेटवता पेटवता रडली. मला हलकं वाटायला हवं होतं.

२३ एप्रिल

सोनाबाईला सांगून आलो. तिनं घराच्या सावलीत खुंटी ठोकायला घेतली. मी दगड दिला.

दुपारी ऑफिसात सेक्रेटरी साहेबांनी गोळ्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. उद्यापासून सुरू.

"मी नाही टाकणार."

कसं निघालं तोंडातून कळलं नाही.

"त्या पोरीच्या बापाला जाऊन सांगा हे," ते म्हणाले. बरोबर बोलले. ती पोर अजून वर्ध्यालाच, रोज सुई.

म्हटलं, कुत्री धरतो, सगळी धरतो. कांजी हाऊसात रिकाम्या छपऱ्या आहेत. बांधून बघू. पिसाळलेलं आपोआप कळेल. ज्याला चावलं त्यालाही कळेल.

"कांजी हाऊस आहे की धर्मशाळा?"

"तिथं ढोरं ठेवतोच की आपण."

"लेखी द्या. सोमवारी कमिटीपुढं ठेवतो. नोकरीचा विचार करून द्या."

२४ एप्रिल

अर्ज दिला. चार ओळी. सुमननं वाचला, एक शब्द बदलायला लावला. मी 'मागणी' लिहिलं होतं, तिथं 'विनंती' आलं.

गणपतला म्हटलं, तुझं नाव घातलेलं नाही. तो म्हणाला, "काऊन नाई घातलं?"

२५ एप्रिल, रविवार

सुट्टी. तरी गेलो. गणपत माझ्या आधी आलेला. छपऱ्यांवर कापसाची पऱ्हाटी आणि गवत टाकून झालेलं. दोन कुत्री धरून आणली होती, लांब काठीला फासा लावून. कुणी सांगितलं, विचारलं. "सांगाले कशाले पायजे? उद्या मिटिंग हाय, काईतरी दिसाले तर पायजे."

एक पिवळी मादी, निजली आहे. दुसरा जिनिंगच्या गल्लीतला, तांबडा. सकाळपासून उभाच आहे. बसत नाही. दाव्याला दात लावतो, सोडतो, पुन्हा लावतो. पाणी ठेवलं, वास घेऊन मागं सरला. नवी जागा म्हणून असेल. गणपतला म्हटलं, जवळ जाऊ नको.

डबा अजून माझ्या टेबलावर. मिटिंग उद्या अकराला. मी आठलाच येईन, तांबड्याला बघायला.