गुणगौरवाच्या यादीत दादाचं नाव

बाबा, मी दहावी झाले तेव्हा वाडीच्या मुंबई मंडळाने देवळासमोर माझा गुणगौरव केला होता, आठवतं? तुमचं ते शेवटचंच वर्ष. मी शाल घेऊन भाषण करते आहे आणि तुम्ही मागच्या रांगेत मान वर करून बसलेले. खाली आल्यावर मी विचारलं, "ऐकलंत का?" तुम्ही म्हणालात, "ऐकलं गो. पण देवळाचं तिसऱ्या ओळीतलं कौल सरकलंय." मला राग आला. पाहुणे शिक्षणाचं महत्त्व सांगत होते आणि तुम्ही दादाला घेऊन वर चढलात. "नुसतं बघू नको, वाजवून बघ," हा तुमचा आवाज खालपर्यंत आला. आठवीत शाळा सुटलेला दादा एकेक कौल बोटाने ठोकत, कान लावून ऐकत होता.

आता पोलादपूरपासून कशेडीपर्यंतच्या वाड्यांतून पावसाआधी कौलं चाळायला, फुटकी बदलून सरकलेली नीट बसवायला, दादालाच बोलावणं येतं. मी आपल्या घरातली पहिली पदवीधर, महाडला नोकरी करते, म्हणून यंदा गुणगौरवाची यादी माझ्याकडे आली. मी दादाचं नाव घातलं. बैठकीत मंडळाचे मुंबईचे काका म्हणाले, "अगो, याला मार्कलिस्ट लागते. दादाची कुठाय?"

"तुमच्या इथल्या घरावर. गेल्या पावसात गळलं का?"

सगळे हसले, काकाही. "नाय गळलं. लिही तर."

शिकू नये असं माझं म्हणणं नाही. कॉलेजने मला खूप दिलं, चार माणसांत असं बोलायचं धाडसही. पण आवाजावरून फुटकं कौल ओळखणं हेही शिकणंच ना? मग टाळ्या एकाच शिकण्याला का?

दादा मात्र तयार होईना. "शाल पांघरून कौलांवर चढू काय? लोक मस्करी करतील गो." मी म्हटलं, तू येऊ नकोस, पण नाव राहील.

काल पत्रिका छापून आली. ओटीवर बसून त्याने बोटाने आपलं नाव शोधलं, दोनदा वाचलं. "सगळ्यांच्या नावापुढं बारावी, बी.कॉम. हाय. माझ्या पुढं काय नाय?"

"काय लिहायला हवं होतं?"

त्याने पुन्हा पाहिलं. "काय नाय. नुसतं बरं दिसतंय." मग आत वळून वहिनीला म्हणाला, "पांढरा शर्ट धुवून ठेव."

मला फार बरं वाटलं, बाबा. हे पत्र माझ्या वहीतच राहील, म्हणून एक सांगून टाकते. त्याच पत्रिकेत खाली निमंत्रक म्हणून माझं नाव आहे आणि त्यापुढे बी.ए. आहे. छापणाऱ्याने विचारलंही नव्हतं. मीच सांगितलं.