माडीवरचं नारिंगी ऑफिस

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. आयुष्याला वळण लागतंय, त्याची नोंद हवी.
निर्णय झाला. माडीवर ऑफिस करायचं. पल्टणीतून हवालदार-क्लार्क म्हणून रिटायर होऊन वर्ष झालं आणि अजून मी ओसरीवर घोंगड्यावर बसून लोकांचे अर्ज लिहितो. पेन्शनचे, विहिरीवरच्या मोटारीचे, कारखान्याच्या शेअरचे. अख्खं गाव माझ्याकडं येतं, पण येतं कसं? कुणी वैरणीचा भारा घेऊन, कुणी शेंगा फोडत. एकाचा अर्ज लिहिताना चौघं मान घालून बघतात. केरबातात्या तर काम नसताना येतो आणि माझ्या पाठीला पाठ लावून झोपतो. डिसिप्लिन नावाला नाही.
परवा साताऱ्यात मेजरसाहेबांच्या बंगल्यावर एका विलायती मासिकात फोटो पाहिला. घरातलंच ऑफिस. लाकडी जमीन आणि तिला चक्क नारिंगी ऑइलपेंट! एक टेबल, एक खुर्ची, कुंडीत झाड. साहेब तोंडात पाइप धरून शांत बसलेला. मला तसं शांत बसायचंय. मासिक मागून घ्यायचं राहिलं, पण रंग डोळ्यांत पक्का आहे.
आमच्या माडीलाही फळ्यांचीच जमीन आहे. अर्धं काम झाल्यातच जमा.

१९ नोव्हेंबर
बायकोला, म्हणजे बनुबाईला, प्लॅन सांगितला. म्हणाली, माडीवर कांदं हायती. म्हटलं, कांद्यांची बदली करू. म्हणाली, कुटं? विचार चालू आहे.

२१ नोव्हेंबर
कांदे पलंगाखाली.
टेबल कुठं ठेवायचं ते ठरवायला दिवसभर जिना चढउतार. खिडकीपाशी. नको, भिंतीपाशी. जेवता जेवता उठून पुन्हा वर गेलो. खिडकीच. बनुबाई म्हणाली, आवं, आदी भाकरी तरी गिळा.
संध्याकाळी शालूबाई आली. धुळाची बायको. धुळा माझ्याच कंपनीतला, दोन वर्षांमागं गेला. तिची फॅमिली पेन्शन अजून अडकलेली. इकडून तिकडून लिहून घेतलेले दोन अर्ज परत आलेत. मी सांगितलं, ऑफिस होऊ दे, टेबलावर बसून पद्धतशीर लिहू. म्हणाली, लवकर करा भावजी, लय वडाताण व्हतीया. म्हटलं, आठवडाभर फक्त.

२४ नोव्हेंबर, रविवार
रंगाला रहिमान आला. बैलगाड्या रंगवतो, हात चांगला आहे, पण दृष्टी गाडीपुरती. तयार नारिंगी डबा मिळाला नाही, म्हणून लाल आणि पिवळा मी स्वतः कालवला. रहिमान म्हणाला, हवालदार, लाल जास्त हुतोय, ह्ये भलतंच दिसंल. त्यापरीस राखाडी द्या. म्हटलं, राखाडी रंग रेशनच्या दुकानाला. मी विलायती फोटो बघितलाय, तू बघितलायस का? त्यानं न्हाई म्हणून मान हलवली आणि गुमान ब्रश घेतला. वादात तो टिकत नाही.

२७ नोव्हेंबर
रंग वाळला. काय चकाकतो! थेट फोटोसारखा. फोटोपेक्षा किंचित लाल. किंचितच.
बनुबाईनं दारातून बघितलं आणि डोक्यावर पदर घेतला. म्हटलं, आत ये. म्हणाली, न्हाई बाई, शेंदरावर पाय कसा ठिवू? तिला डबा दाखवला, डब्यावर कंपनीचं नाव दाखवलं. म्हणाली, डब्याला काय कळतंय?
बायकांना मॉडर्न आर्ट समजत नाही.

१ डिसेंबर, रविवार
उद्घाटन. दारावर बोर्ड: लालासाहेब जगदाळे, एक्स-हवालदार क्लार्क. ओसरीवर अर्ज लिहिणं आजपासून बंद. घोंगडं गुंडाळून ठेवायला सांगितलं.
नऊला कोट घालून बसलो. पेन, दौत, पॅड. कुंडीत तुळस नको म्हणून शेवंती.
साडेदहापर्यंत कोणी नाही. मग केरबातात्या जिना चढून आला. वहाणा पायरीवर काढल्या, वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि चालला खाली. मी हाक मारली. म्हणाला, आरं लाला, हितं पाय ठिवून पाप लावून घिऊ व्हय?
पहिल्याच दिवशी दरारा बसला म्हणायचा.

३ डिसेंबर
कोणी नाही. टेबल भिंतीपाशी घेतलं.

५ डिसेंबर
कोणी नाही. टेबल परत खिडकीपाशी.
दुपारी खालून बोलण्याचा आवाज. खिडकीतून काही दिसेना म्हणून जिन्यातून वाकून पाहिलं. ओसरी भरलेली. मध्ये शाळेतले गुरुजी. माझ्या घोंगड्यावर! अर्ज लिहीत होते. केरबातात्या त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपलेला. आणि बनुबाई गुरुजींना चहा देत होती. माझ्या कपात.
जाब विचारला. म्हणाली, मानसं दारात आली, त्यास्नी परत लावू व्हय? तुमी तर वर जाऊन बसलाय.
गुरुजींचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे. लोकांना लवकरच फरक कळेल. वाट बघायची. बसून वाट बघणं जमत नाही, म्हणून फेऱ्या मारल्या. भिंतीच्या कडेकडेनं. मधल्या फळ्यांवरची चकाकी टिकली पाहिजे.

७ डिसेंबर, शनिवार
सकाळी ऑफिसच्या उंबऱ्यावर रुईच्या पानांची माळ आणि वाटीभर तेल. कुणाचा चावटपणा समजेना. शिस्त म्हणून दोन्ही तिथून हलवलं. फेकलं नाही, फळीवर नीट ठेवलं. भीती वगैरे काही नाही. वाटी चांगली आहे.

९ डिसेंबर
तोडगा सापडला. जमीन खरवडून राखाडी रंग. राखाडीच जास्त ऑफिशियल दिसतो, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.
रहिमानला बोलावलं. तो जिन्याच्या खालच्या पायरीवरच थांबला. म्हणाला, न्हाई हवालदार, ह्ये काम मला सांगू नगा. रहिमाननं शेंदूर खरवडला म्हनत्याल, मला ह्याच गावात ऱ्हायाचं हाय. म्हटलं, अरे, तूच लावलास ना? म्हणाला, लावताना त्यो रंग हुता.
ठीक. स्वावलंबन. पत्रा घेतला, दार लावलं, गुडघ्यावर बसलो. पत्रा टेकवला. बराच वेळ टेकवलेलाच होता. मग लक्षात आलं की थंडीत लाकूड खरवडू नये, तडा जातो. काम उन्हाळ्यावर टाकलं.

११ डिसेंबर
शालूबाई आली. गुरुजींकडं गेली नाही, कारण पल्टणीच्या रेकॉर्ड ऑफिसला काय लागतं ते या गावात फक्त मला ठाऊक. वर आली आणि दाराबाहेर शेवटच्या पायरीवर बसली. मी व्हिजिटरची खुर्ची पुढं केली. आत येईना. म्हणाली, धनी गेला, पेन्शन गावंना, आन वरनं देवाचा कोप घिऊ? हितंच लिवा की.
मी सांगितलं, रूल म्हणजे रूल. अर्ज ऑफिसातच.
ती बरं म्हणाली. पदरानं डोळे पुसले आणि उतरायला लागली.
मी खुर्चीत बसून राहिलो. टेबल, शेवंती, खिडकी, सगळं फोटोतल्यासारखं होतं आणि जीव नुसता तळमळत होता. बराकीत धुळा माझ्याशेजारी झोपायचा. त्याच्या बायकोला मी जिन्यावरून परत पाठवत होतो. फार वाईट वाटलं. स्वतःची लाज वाटली.
हाक मारून तिला थांबवलं. पायरीवर शेजारी बसलो, गुडघ्यावर पॅड घेतलं आणि लिहिलं. धुळाचा नंबर, भरतीची तारीख, कुठं कुठं पोस्टिंग, सगळं पाठ होतं. एक शब्द खोडावा लागला नाही. असा अर्ज मी नोकरीतही लिहिला नव्हता.
जिना हा ऑफिसचाच भाग धरता येईल. त्यामुळं रूल मोडला नाही.

१५ जानेवारी १९७५
कोणी नाही. ओसरीवर गर्दी. शेवंती वाळली.
शालूबाईची पेन्शन मंजूर झाली की लोकांचे डोळे उघडतील. गुरुजी कुठं आणि मी कुठं. त्या दिवशी दोन शब्द बोलावे लागतील, तयारी सुरू केली. पाणी पिता पिताही तीच वाक्यं तोंडात येतात. रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभा राहतो.

१२ मार्च, बुधवार
मंजूर! मागच्या बाकीसकट मंजूर! शालूबाई पेढ्याचा पुडा घेऊन आली आणि मागं अर्धं गाव. जिना करकरायला लागला. मी कोटाची बटणं लावली, दारात उभा राहिलो, घसा साफ केला.
शालूबाईनं माझ्याकडं पाहिलंच नाही. पुडा उंबऱ्यावर ठेवला, जमिनीला डोकं टेकलं आणि रडायला लागली. म्हणाली, दोन येळा अर्ज केला, कुटं काय झालं न्हाई. हितं पायरीवर बसून लिवला आन पावला बगा.
मागं जिन्यावर रांग. प्रत्येकाच्या हातात कागद. पाचव्या पायरीवर गुरुजी, बदलीचा अर्ज घेऊन. मला म्हणाले, मजकूर माझा मी लिहीन, फक्त बसायला जागा द्या.
आता बोलायलाच हवं होतं. धुळाचा नंबर कुणाला पाठ होता? तारखा कुणी लिहिल्या? मी तोंड उघडलं.
केरबातात्यानं पुड्यातला पेढा घेतला, जमिनीला दाखवला आणि प्रसाद म्हणून माझ्या तोंडात घातला.