एक तारीख काही संपेना

लिटल एल्क नदी, पूर्व काठ
२४ फेब्रुवारी १९५७

चि. हॅल्वर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी काळी गाय व्याली, कालवड झाली. लग्नासाठी बटाट्याच्या पोळ्या, आपल्या लेफ्से, दोनशे लाटून झाल्या, आता माझे खांदे माझं ऐकत नाहीत.

आता पुढचं नीट वाच. तू पत्रं विधेयकासारखी वाचतोस, मथळा बघायचा आणि खालची सही. लग्न शनिवारी, दोन मार्चला, सकाळी अकरा वाजता आहे. तुमचं अधिवेशन राज्यघटनेप्रमाणे शुक्रवारी, एक तारखेला, दुपारी बाराच्या ठोक्याला संपतं, हे तूच सांगितलंस. संपलं की गाडीत बस. आईची अंगठी सोनाराकडून सैल करून आणायला तुझ्याकडे दिली आहे. ती आण आणि स्वतःलाही आण, कारण मला हात धरून वेदीपर्यंत नेणारं दुसरं कुणी नाही.

उशीर चालणार नाही. बुधवारी, सहा तारखेला, उपासाचे दिवस लागतात. मग ईस्टरपर्यंत पाद्री ग्रोनली कुणाचंही लग्न लावत नाहीत. ईस्टर झाला की पेरणी, पेरणीनंतर कापणी, आणि हल्ली कापणी झाली की तुझी निवडणूक. अशीच अकरा वर्षं गेली रे बाबा.

तुझ्या होणाऱ्या भावोजींचं, ऑस्मुंडचं, कौतुक करावं तेवढं थोडं. नदीवर पूल झाला की त्याचा तारेवरचा तराफा बंद पडणार, तरी पुलासाठी त्याने तुलाच मत दिलं. लोकांनी छेडलं तर म्हणाला, की एक कप कॉफीसाठी अकरा वर्षं नदी ओलांडून आता कंटाळा आलाय.

फोन करू नकोस. आपल्या सामाईक लाइनीवर चौदा घरं कान लावून बसलेली असतात. आणि पाकिटावर ‘कु.’ लिहितोस ते हे शेवटचं. मी त्रेपन्न वर्षांची, आणि पोस्टमन ते मोठ्यांदा वाचतो.

गाडी चुकवलीस तर लोभ कमी होईल, एवढं लक्षात असू दे.

तुझी
कु. रॅग्ना


राजधानी
१ मार्च १९५७
(माझ्या मनगटावर दुपारचे चार, सभागृहात बाराला पाच कमी)

ती. रॅग्नाताईस हॅल्वरचा सा. न. वि. वि.

ताई, आधी खुर्चीत बस आणि मग वाच.

आपला पूल यादीत शेवटून तिसरा आहे. त्याच्या आधी राज्याचा अधिकृत मासा कोणता हा विषय आला आणि सगळी सभा पेटली. उत्तरेकडचे आमदार एका माशाच्या बाजूने, दक्षिणेकडचे दुसऱ्या. बारा वाजायला आले तरी मासा ठरेना. मग सभागृहाचे म्हातारे चोपदार क्विगली शिडी लावून वर चढले, भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक धरला आणि घड्याळावर स्वतःचा कोट टांगला. सभापतींनी गंभीरपणे विचारलं, की किती वाजले. क्विगलींनी शिडीवरूनच सांगितलं, की बाराला पाच कमी.

त्यामुळे कोट खाली येईपर्यंत इथे एक तारीखच राहणार. हसू नकोस, ही इथली जुनी रीत आहे. आमच्या आधीच्यांनीही असंच केलं आणि त्यातूनच आपली शाळा मंजूर झाली.

संध्याकाळपर्यंत मासा नक्की ठरेल. रात्रीची गाडी पकडून लग्नाआधी पोचतो. अंगठी खिशात आहे, दर पाच मिनिटांनी चाचपून बघतो.

धाकट्यावर राग धरू नये.

तुझा
हॅल्वर


पूर्व काठ
२ मार्च, शनिवार, संध्याकाळ

चि. हॅल्वर यास आशीर्वाद, पण ते जपून वापर.

तुझं पत्र सकाळी नऊला आलं आणि तू मात्र आला नाहीस. अकरा वाजता मी पांढरा पोशाख करून चर्चच्या दारात उभी राहिले. सव्वाअकराला पाद्री खोकले. साडेअकराला त्यांनी सुचवलं, की वेदीपर्यंत मला दुसरं कुणी नेईल. मी सांगितलं, की ज्याला तो नऊ वर्षांचा असल्यापासून मी वाढवलं त्याचा हात धरूनच मी जाईन, नाहीतर जाणार नाही. मग मी घरी आले आणि तोच पोशाख घालून भांडी घासली.

ऑस्मुंडला वाईट वाटलं असेल. बसला आणि चौदा लेफ्से खाल्ल्या. त्याचं सगळं वऱ्हाड, आठ माणसं आणि एक कुत्रा, काल बर्फावरून चालत नदी पार करून आलं. आता सगळे आपल्या घरी मुक्कामाला आहेत. कुत्रा तुझ्या पलंगावर झोपतो.

एवढ्या मोठ्या राज्यात तुम्हाला एक मासा ठरवता येत नाही? दोन्ही पकडा आणि तळून खा. दूधवाल्याचा ट्रक राजधानीला निघालाय, त्याच्याकडेच हे पत्र देते.

लोभ सध्या बंद आहे.

कु. (अजूनही) रॅग्ना


राजधानी
१ मार्च, रविवार

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू ते दोन तारखेला लिहिलंस आणि मला एक तारखेला पोचलं, म्हणजे उद्याच्या शिव्या मी आजच खाल्ल्या. सभागृहात मोठ्याने हसलो. क्विगलींनी कारण विचारलं, तेव्हा मला रडू आलं.

खरं सांगतो. मासा काल ठरला. आता पुलाच्या आधी एकच विषय उरलाय, मग पूल. मी मतं चार वेळा मोजली. मी इथे असलो तर पूल एका मताने होतो. मी निघालो तर बरोबरी होते, आणि बरोबरी झाली की विधेयक पडतं. पुन्हा दोन वर्षांनी अधिवेशन, आणि तोवर मी निवडून येईन की नाही कुणाला ठाऊक. सहा वर्षांत मी इथे ‘हजर’ आणि ‘हो’ एवढे दोनच शब्द बोललोय. अशा माणसाला लोक किती वेळा पाठवतील?

पण ताई, तुझं लग्न माझ्यामुळे अकरा वर्षं राहिलं हे मला कळतं. तू ‘ये’ म्हणालीस तर पुलाला सोडून येतो. खरंच येतो. तूच सांग. ट्रक उद्या पहाटे हे पत्र घेऊन निघतो, तो पुन्हा इकडे येताना उत्तर त्याच्याबरोबरच पाठव.

तुझा अपराधी
हॅल्वर


पूर्व काठ
४ मार्च, सोमवार. इथे दिवस मावळतात आणि उगवतातही.

चि. हॅल्वर यास अनेक आशीर्वाद.

काल दुपारी उबदार वारा सुटला आणि नदीचं बर्फ फुटलं. आता घराएवढे तुकडे वाहतायत, तराफा काय, होडीसुद्धा घालता येत नाही. तुझं पत्र पलीकडून तराफ्याच्या तारेवरच्या टपालाच्या टोपलीतून आलं. वऱ्हाड अडकलं. लेफ्से संपल्या. ऑस्मुंडच्या काकू रोज मला सांगतात, की त्यांच्याकडे कॉफी याहून कडक असते.

तुझं पत्र वाचून मी नदीवर जाऊन उभी राहिले. तू लहान होतास, तुला किती आठवतं कोण जाणे. आई गेली त्या दिवशी बर्फ असंच फुटलं होतं. डॉक्टर आले होते रे. पलीकडच्या काठावर, हातात बॅग घेऊन, तीन तास उभे होते. मी त्यांना ओरडून ओरडून आईचा ताप सांगत होते आणि ते ओरडून औषध सांगत होते, आणि बर्फाच्या आवाजात दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं.

तेव्हा वेडेपणा करू नकोस. बस तिथेच. खुर्चीला स्वतःला बांधून घे हवं तर. पूल घेऊनच ये. मला राग आहे आणि तो राहील, पण तो तुझ्यावर आहे, पुलावर नाही.

ऑस्मुंडला हे सांगितलं तेव्हा त्याने आधी कपातली कॉफी संपवली. मग म्हणाला, की तो थांबेल, थांबायचा त्याला चांगला सराव आहे. हे ऐकून मात्र मी कोठीत जाऊन रडले. बुधवारनंतर चाळीस दिवस, आणि त्यानंतर पुन्हा पेरणी.

जेवण वेळेवर घे.

तुझी
कु. रॅग्ना


पश्चिम काठ, ऑस्मुंडचं घर
६ मार्च, बुधवार, सकाळी आठ

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल तिसऱ्या प्रहरी मी ‘हो’ म्हणालो आणि पूल झाला! एका मताने! क्विगलींनी कोट काढला, लंबकाला बोट लावलं, पाच मिनिटांनी बारा वाजले आणि चार दिवसांनी एक तारीख संपली. पाच तारीख तर आम्हाला अर्धीच मिळाली.

रात्रभर प्रवास करून आलो. आता ताई, हसायचं असेल तर हस. ज्या आमदाराने या नदीवर पूल मंजूर करून आणला तो पूल नाही म्हणून या काठावर उभा आहे. तुम्ही सगळे दिसताय. कुत्र्याच्या तोंडात माझी चप्पलही दिसतेय.

अंगठी टोपलीतून पाठवतोय, मोज्यात गुंडाळून. मोजा धुतलेला आहे. मला यायला मिळालं नाही आणि उपास आजपासून लागले. चुकलंच माझं. माफ कर.

तुझा
हॅल्वर


पूर्व काठ
२ मार्च (चर्चच्या घड्याळाप्रमाणे)

चि. हॅल्वर यास अनेक आशीर्वाद.

वरची तारीख बरोबर आहे. चूक शोधत बसू नकोस.

मघाशी तुझं पत्र घेऊन पाद्रींकडे गेले. ते म्हणाले, की राजधानीचे लोक घड्याळ थांबवत असतील, पण उपासाचे दिवस राज्यघटनेत नाहीत. मी म्हटलं, की एका माशासाठी सरकार चार दिवस थांबतं, आणि अकरा वर्षं थांबलेल्या बाईसाठी चर्चला एक सकाळ थांबता येत नाही? काकूंनी मागून सांगितलं, की लग्न लागेपर्यंत वऱ्हाड पाद्रींच्या घरी जेवेल. मग पाद्री स्वतः स्टुलावर चढले आणि घड्याळावर आपली टोपी ठेवली.

अकरा वाजता आम्ही सगळे काठावर येतो. तू समोर ऑस्मुंडच्या धक्क्यावर, मला दिसशील असा उभा राहा. या मुलीला कोण देतो असं पाद्री विचारतील तेव्हा ते हात वर करतील. तो हात दिसला की ‘मी!’ म्हणून ओरड. विधानसभेत बोलतोस तसं नको. ढोराला हाक मारतोस तसं.

तुझी
कु. रॅग्ना (एक तास आणखी)


पश्चिम काठ
दुपार

ती. ताई,

हात दिसला, मी ओरडलो. मग सगळे असे का हसले? काकू खाली का बसल्या? पाद्री दोन्ही हात हलवून मला काय सांगत होते? मग पुन्हा हात वर झाला म्हणून मी पुन्हा ओरडलो. झालं ना लग्न? टोपलीतून लगेच कळव, जीव टांगणीला लागलाय.

हॅल्वर


पूर्व काठ
६ मार्च (टोपी काढली)

चि. हॅल्वर यास ताईचे आणि भावोजींचे अनेक आशीर्वाद.

झालं बाबा, झालं. पहिल्यांदा पाद्रींनी हात वर केला तो वेगळाच प्रश्न होता. या लग्नाला कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावं. आणि तू, सहा वर्षं सभागृहात तोंड न उघडलेला माणूस, सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असा ओरडलास, की मी! ऑस्मुंडचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पाद्रींनी विचार करून निकाल दिला, की बर्फाच्या आवाजामुळे हरकत ऐकू आली नाही. दुसऱ्यांदा ओरडलास ते बरोबर जागी बसलं. पुढच्या निवडणुकीत कुणी म्हणालं की या आमदाराला आवाज नाही, तर मी स्वतः भाषण करीन.

अंगठी बोटात नीट बसली.

तू उभा होतास ना, नेमके तिथेच डॉक्टर उभे होते. मला वाटलं होतं तिकडे बघवणार नाही. पण तू हात वर करून, टोपी वाकडी, घसा ताणून उभा, आणि तुझं ओरडणं मला ऐकू आलं. नदीच्या त्या काठावरून आलेलं पहिल्यांदाच मला ऐकू आलं. मी हसत होते आणि रडतही होते, दोन्ही नीट जमलं नाही.

केकचा तुकडा टोपलीत ठेवलाय. बर्फ सरेपर्यंत तू ऑस्मुंडच्या घरी राहा, आम्ही तुझ्या घरी राहतो. त्याची कॉफी वरच्या फळीवर आहे, कमी टाक. पाणी उतरलं की तू इकडे येशील आणि मी तिकडे जाईन, नेहमीसाठी. बांधून ठेवलेली ट्रंक आज पाहिली तेव्हा हे पहिल्यांदा लक्षात आलं आणि मी तिच्यावरच बसले.

तेव्हा सरकारच्या मागे लाग, बोल, ओरड, आता तुला येतं. पूल लवकर बांधून घे रे. मला माहेरी यायला तो लागेल.

तुझी ताई
सौ. रॅग्ना