तळाचं वरण

माय, आज तुझ्यावर रागावूनच लिहायला बसले आहे. सकाळी सासूबाईंनी माझ्या लेकीच्या हातातून पळी काढून घेतली. का, तर तिनं वरणाच्या पातेल्यात तळापर्यंत पळी घातली म्हणून. "आधी बापाला वाढ. पोरीच्या जातीला येवढी हाव नसावी." शब्द त्यांचे, पण मला आवाज तुझाच ऐकू आला.

करमाडच्या आपल्या स्वयंपाकघरात मी नऊ-दहा वर्षांची आहे. दादांच्या आणि भावाच्या ताटात तू तळाचं घट्ट वरण वाढतेस. वर राहिलेलं पाणी तुझं नि माझं, ज्वारीच्या भाकरीवर ओतायला. एकदा मी तळाला पळी घातली तर तू हातावर उलथणं मारलंस. "वरचं घे. लई चोचले नकोत जिभेचे." त्याच संध्याकाळी मला पुढ्यात बसवून डोक्यात वाटीभर खोबरेल जिरवलंस. तुझी स्वतःची वेणी तेव्हाच उंदराच्या शेपटीएवढी झाली होती, टाचा फुटलेल्या, गालांची कातडी कोरडीठाक. "केसाला तेल लागतंय, दुसरं काय नाय," म्हणायचीस. काय नाय कसं, माय?

मी कामाला लागले त्या चिकलठाण्याच्या कंपनीत केसांचं सिरम तपासायच्या टेबलावर मला ते कळलं. केस म्हणजे प्रथिन, कातडीचा ताणही प्रथिनांवरच. आणि प्रथिनं होतात अमिनो आम्लांची, एकेक मणी ओवून माळ व्हावी तशी. त्यातले काही मणी शरीराला घडवता येत नाहीत, ते खाण्यातूनच यावे लागतात. त्यांतलं लायसिन ज्वारीत फार थोडं, डाळीत भरपूर. म्हणजे भाकरीत जे नव्हतं ते पातेल्याच्या तळाशी होतं, आणि तिथंच तू मला हात घालू दिला नाहीस. स्वतःही घातला नाहीस. पुरेसं नसलं की शरीरही केसांना शेवटीच वाढतं, माय. अगदी तुझ्यासारखं.

तुला ते पुण्य वाटायचं. मला वाटत नाही, आणि तू कितीही रागावलीस तरी शब्द मागं घेणार नाही. आज मी सासूबाईंच्या हातातून पळी परत घेतली, पातेलं ढवळून खालचं वर केलं आणि पहिलं ताट लेकीचं वाढलं. दुसरं सासूबाईंचं. "आमच्यात असं नसतंय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आता असतंय. तुमचेबी केस गळतेत, खावा." त्या खूप वेळ पुटपुटत राहिल्या. मग वाटी पुढं केली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुझ्या शेवटच्या वर्षी मी कंपनीतलं सिरम आणलं होतं. तू ते माझ्याकडून चोळून घेतलंस, शेजारणीला बाटली दाखवलीस, "माझ्या लेकीचं हाय." ते असलेल्या केसांना चकाकी देतं, त्यानं नवे उगवत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्या दुपारी तू सगळ्यांच्या मागून जेवायला बसलीस. वाटीत पाणीच होतं. पातेलं माझ्या हाताशी होतं, तळाशी अजून घट्ट वरण होतं, आणि मी ढवळलं नाही.